४के वेबकॅम घ्यावा का? आधी संध्याकाळचं चित्र का बिघडतं ते पाहू

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “मी घरून ऑनलाइन शिकवते. खिडकी माझ्या पाठीमागे आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात दिवसा माझा चेहरा काळवंडलेला दिसतो आणि संध्याकाळी सगळंच दाणेदार, पुसट. अधूनमधून वहीत सोडवलेलं गणित मुलांना दाखवावं लागतं, तेही त्यांना वाचता येत नाही. ४के वेबकॅम घेतला तर हे सुटेल का, की १०८०पी पुरेसा आहे?”

या एका प्रश्नात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. दिवसा चेहरा काळा पडतो तो पाठीमागच्या खिडकीमुळे. संध्याकाळी चित्र दाणेदार होतं, कारण उजेड कमी आणि सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, लहान. वही वाचता येत नाही ती फोकसमुळे. ४के या आकड्याचा यातल्या एकाही कारणाशी थेट संबंध नाही. त्यामुळे नुसता तो आकडा बघून कॅमेरा घेतलात, तर तीनही तक्रारी जशाच्या तशा राहण्याची दाट शक्यता आहे.

गेली बारा-तेरा वर्षं मी वर्गखोल्या, बैठकीच्या खोल्या आणि घरून शिकवणाऱ्यांच्या टेबलांवर कॅमेरे बसवून देतो. “कुठला कॅमेरा घेऊ?” असं कुणी विचारलं की मी आधी खोलीचा फोटो मागवतो, कारण उत्तर बऱ्याच अंशी खोलीवर ठरतं. उजेड कुठून येतो, तुम्ही कॅमेऱ्यापासून किती लांब बसता, तास फक्त थेट घेता की रेकॉर्डही करता, समोरची मुलं मोठ्या स्क्रीनवर बघतात की फोनवर, हे कळल्याशिवाय एका मॉडेलचं नाव सांगणं बरोबर नाही. तुमच्याबद्दल जेवढं कळलं त्यावरून लिहितो. जिथे परिस्थितीनुसार उत्तर बदलेल तिथे तसं सांगतो.

आधी पिक्सेलचा हिशेब उरकून टाकू. ७२०पी म्हणजे सुमारे ९.२ लाख पिक्सेल, १०८०पी म्हणजे २०.७ लाख आणि ४के म्हणजे जवळजवळ ८३ लाख. आकडा वाढतो हे खरं, पण मुलांपर्यंत काय पोहोचतं? व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरं कॅमेऱ्याचं चित्र जसंच्या तसं पुढे पाठवत नाहीत. इंटरनेटचा वेग, कॉलमधली माणसं आणि खात्याचा प्रकार बघून ती चित्र लहान करतात. अनेक जणांच्या कॉलमध्ये ते बहुतेक वेळा ७२०पी किंवा त्याहूनही कमी असतं. १०८०पी काही ठिकाणी मिळतं, पण ते सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावं लागतं. त्यातून मुलगा फोनवर बघत असेल आणि तुम्ही फळा किंवा स्लाइड शेअर केली असेल, तर तुमचा चेहरा कोपऱ्यातल्या बोटभर चौकटीत असतो. तिथे ८३ लाख पिक्सेल गेले काय नि ९ लाख गेले काय, त्याला फरक दिसत नाही.

४केचा उपयोग होतो तो रेकॉर्डिंगला. ओबीएस स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमधून तुम्ही तास रेकॉर्ड करत असाल, किंवा मोठ्या चित्रातला एक भाग कापून जवळून दाखवायचा असेल, तर जास्तीचे पिक्सेल कामाला येतात. ४केच्या चित्रातून बरोबर चौथा भाग कापला तरी पूर्ण १०८०पी हातात राहतं. तुमच्या प्रश्नात रेकॉर्डिंगचा उल्लेख नाही, म्हणून तुमच्यापुरतं ४के मी यादीत सगळ्यात खाली ठेवतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे सेन्सर. १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम हा वेबकॅम आला तेव्हा तो ३२० गुणिले २४० पिक्सेलचं, करड्या रंगाच्या १६ छटांचं चित्र देत असे. त्या मानाने आजच्या ४के कॅमेऱ्यात शंभरपटीहून जास्त पिक्सेल आहेत. पण ज्या चकतीवर हे पिक्सेल बसवायचे ती चकती बऱ्याच वेबकॅममध्ये अजूनही नखाच्या टोकाएवढीच असते. लॅपटॉपमध्ये तर ती आणखी बारीक असते, कारण झाकणाची जाडीच काही मिलिमीटर. तेवढ्यात लेन्स आणि सेन्सर दोन्ही मावायला हवेत. लॅपटॉप महागाचा असूनही कॅमेरा सुमार का, याचं मोठं कारण ही जागेची अडचण आहे.

सेन्सरचं माप १/४ इंच, १/२ इंच असं लिहितात. ही जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या नळ्यांवरून आलेली पद्धत आहे, त्यामुळे १/२ इंच म्हणजे मोजून अर्धा इंच नव्हे. १/२ इंच सेन्सरचा कर्ण साधारण ८ मिलिमीटर असतो. महत्त्वाचं आहे ते क्षेत्रफळ. १/४ इंचाचा सेन्सर साधारण १० चौरस मिलिमीटरचा, १/२ इंचाचा ३० चौरस मिलिमीटरच्या आसपास आणि १/१.२ इंचाचा ८५ चौरस मिलिमीटरच्या आसपास. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर तेवढ्याच वेळात कशात जास्त पाणी साचेल? सेन्सरचं तसंच आहे. त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो.

म्हणूनच लहान सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की कमी उजेडात उलटा परिणाम होऊ शकतो. १/४ इंचाच्या सेन्सरवर ४के बसवलं तर एकेक पिक्सेल एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक होतो. १/२.८ इंचाच्या सेन्सरवर फक्त १०८०पी असेल तर पिक्सेल ३ मायक्रॉनच्या जवळ जातो. एका पिक्सेलच्या वाट्याला येणाऱ्या उजेडात जवळजवळ नऊ-दहा पटींचा फरक पडतो. काही ४के कॅमेरे शेजारचे चार पिक्सेल जोडून एक करतात आणि १०८०पीमध्ये ही तूट भरून काढतात, पण सगळे करत नाहीत आणि करणारे सगळे ते सारख्याच कौशल्याने करत नाहीत.

बाजारात सेन्सरचं माप उघड सांगणारे कॅमेरे आहेत. रेझर कियो प्रोमध्ये १/२.८ इंच, इन्स्टा३६० लिंकमध्ये १/२ इंच, रेझर कियो प्रो अल्ट्रामध्ये १/१.२ इंच. ही नावं शिफारस म्हणून घेऊ नका, माप कुठल्या पट्ट्यात असतं याचा अंदाज यावा म्हणून दिली आहेत. ज्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सेन्सरचं माप आणि लेन्सचा एफ-आकडा दोन्ही लिहिलेले असतात, त्याच्या बाजूने माझं मत आपोआप झुकतं. एफ-आकडा जितका कमी तितकी लेन्स जास्त उजेड आत घेते. एफ/२.० ची लेन्स एफ/२.८ च्या दुप्पट उजेड देते. उलट खोक्यावर फक्त मोठा मेगापिक्सेलचा आकडा असेल आणि बारीक अक्षरात “इंटरपोलेटेड” असं असेल, तर तो कॅमेरा सरळ बाजूला ठेवा. त्याचा अर्थ असा की सेन्सर लहानच आहे, चित्र नंतर सॉफ्टवेअरने ताणलं आहे.

संध्याकाळी नेमकं काय होतं ते एकदा समजून घेतलंत तर निवड तुमची तुम्हालाच करता येईल. सेकंदाला ३० चित्रं काढायची म्हणजे एका चित्रासाठी जास्तीत जास्त १/३० सेकंद मिळतो. खोलीत छताला एकच दिवा असेल तर तेवढ्या वेळात सेन्सरवर पुरेसा उजेड पडत नाही. मग कॅमेरा दोन युक्त्या करतो. पहिली, प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो. त्यासाठी सेकंदाला ३० ऐवजी १५ किंवा १० च चित्रं काढतो, आणि म्हणून संध्याकाळी तुमचा हात हलला की मागे पुसट शेपूट दिसतं. दुसरी, आलेला सिग्नल फुगवतो. याला गेन म्हणतात. गेन वाढवला की उजेडाबरोबर सेन्सरची खरखरही वाढते, आणि तेच तुम्हाला दिसणारे दाणे.

इथे थांबलं असतं तरी बरं होतं. पुढे कॅमेऱ्यातली चिप ते दाणे पुसायला जाते. दाणे आणि बारीक तपशील यांतला फरक तिला नीट कळत नाही, म्हणून ती दोन्ही पुसते. कानाजवळच्या केसांच्या बटा एकमेकांत मिसळून एक काळा डाग होतो, गालावरची त्वचा मेणासारखी सपाट दिसते आणि भुवया रंगवल्यासारख्या. शेवटी कॉलचं सॉफ्टवेअर ते चित्र दाबून लहान करतं. दाणे दर चित्रात बदलतात, आणि सतत बदलणारी गोष्ट दाबणं अवघड असतं. ठरलेल्या बँडविड्थमधला मोठा वाटा मग दाण्यांवर खर्च होतो आणि चेहऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणजे उजेडाची एक कमतरता चार ठिकाणी वसूल होते. उजेड वाढवला की चारही ठिकाणी एकदम सुधारणा होते. नव्या कॅमेऱ्याने तेवढी सुधारणा क्वचितच होते.

एका शिक्षिकेच्या घरी मी नवा कॅमेरा बसवायला गेलो होतो. त्यांचीही खिडकी पाठीमागेच होती. खोकं उघडण्याआधी आम्ही दोघांनी मिळून टेबल फिरवलं, इतकं की खिडकी त्यांच्या समोर, थोडी डावीकडे आली. कॅमेरा जुनाच, लॅपटॉपचा. स्क्रीनवर त्यांच्या सुती कुडत्याची वीण दिसायला लागली, चष्म्याच्या काडीवरचं नाव दिसायला लागलं. त्या स्क्रीनकडे बघत काही क्षण गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “हा तोच कॅमेरा आहे?” त्या दिवशी नवा कॅमेरा मी परत नेला. संध्याकाळच्या तासांसाठी त्यांनी पुढे एक दिवा घेतला. त्यांचं काम तेवढ्यावर भागलं.

तुमच्या दिवसाच्या तक्रारीचं उत्तर यातच आहे. खिडकी पाठीमागे असली की कॅमेरा त्या झगझगीत चौकोनाला सांभाळायला एकूण उजेड कमी करतो आणि चेहरा काळा पडतो. एचडीआर किंवा डब्ल्यूडीआर (उजळ आणि काळोखा भाग एकाच चित्रात सांभाळण्याची सोय) असलेले कॅमेरे यात थोडी मदत करतात, पण खिडकीतला उजेड आणि चेहऱ्यावरचा उजेड यांत फार तफावत असली की त्यांचाही इलाज चालत नाही. टेबल फिरवा. फिरवता येत नसेल तर जाड पडदा ओढून दिवा लावा. खिडकी अगदी समोर असण्यापेक्षा थोडी बाजूला असलेली बरी, म्हणजे चेहऱ्याला गोलाई राहते.

संध्याकाळसाठी एक दिवा स्क्रीनच्या मागे, थोडा बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेवा. थेट चेहऱ्यावर रोखण्याऐवजी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारला तर उजेड मऊ पडतो आणि डोळ्यांनाही त्रास होत नाही. दिवा जवळ आणण्याचा फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उघडा बल्ब दोन मीटरवरून एक मीटरवर आणला तर चेहऱ्यावरचा उजेड चौपटीच्या जवळपास होतो. चष्मा असेल तर काचेत दिव्याचं प्रतिबिंब पडतं. तेव्हा दिवा आणखी वर आणि बाजूला सरकवत जा, एका जागी ते प्रतिबिंब चष्म्याच्या बाहेर जातं. दिवा घेताना त्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर त्वचेचा रंग नीट येतो. आणि खोलीत एक दिवा पिवळा, दुसरा पांढराशुभ्र असं ठेवू नका. २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब एका बाजूने आणि ६५०० केल्विनच्या आसपासची निळसर स्क्रीन दुसऱ्या बाजूने, असं झालं की अर्धा गाल केशरी आणि अर्धा निळसर दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी, एका वेळी एकाच रंगाचा उजेड सांभाळू शकतो, त्यामुळे महागडा कॅमेराही इथे हात टेकतो. स्क्रीनचा ब्राइटनेस थोडा कमी केला तरी पुष्कळ फरक पडतो.

हे सगळं केल्यावर लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचं चित्र तुम्हाला पुरेसं वाटलं तर थांबा, पुढे काही घेऊ नका. नाही वाटलं, तर आता कॅमेऱ्याकडे वळू.

सेन्सर आणि एफ-आकडा झाला. त्यानंतर मी बघतो तो लेन्सचा कोन, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू. जाहिरातीत रुंद कोन हा गुण म्हणून सांगतात. एकट्या माणसासाठी तो बहुधा तोटाच ठरतो. तुम्ही कॅमेऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर बसता असं धरू. कोन बहुतेक वेळा कर्णावर मोजलेला असतो. ६५ अंशांचा कॅमेरा तुमच्या जागी साधारण ६७ सेंटिमीटर रुंदीचं चित्र घेतो, ७८ अंशांचा ८५ सेंटिमीटरचं आणि ९० अंशांचा १०५ सेंटिमीटरचं. चेहरा १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर १०८०पीच्या चित्रात तो अनुक्रमे ४३०, ३४० आणि २७५ पिक्सेलांच्या आसपास येतो. उरलेले पिक्सेल भिंत, कपाट आणि छत दाखवण्यात जातात. चेहरा मोठा करायला तुम्ही पुढे सरकलात की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चेहरा लेन्सच्या फार जवळ गेल्यामुळे असं होतं. एकट्यासाठी ६५ ते ८० अंश चांगले. २०१२ मध्ये आलेला लॉजिटेक सी९२० अजूनही ठिकठिकाणी वापरात दिसतो. तो ७८ अंशांचा आहे आणि तो टिकून राहण्यामागे हा सोयीचा कोनही आहे असं मला वाटतं. मागच्या फळ्यावर उभं राहून शिकवणार असाल तर मात्र ९० अंश लागतील.

आता वही. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे आणि नेमकं तिच्याबद्दल खरेदी करताना कुणी विचार करत नाही. वेबकॅम दोन प्रकारचे असतात. फिक्स्ड फोकसच्या कॅमेऱ्यात लेन्स एका अंतरासाठी कायमची बसवलेली असते. बसल्या जागी चेहरा नेहमी स्पष्ट, मध्येच फोकस जाणार नाही, हा त्याचा मोठा गुण. पण वही लेन्सजवळ धरली की अक्षरं विरघळतात. एल्गाटोचा पहिला फेसकॅम असाच फिक्स्ड फोकसचा आहे आणि त्याचं कामाचं अंतर ३० ते १२० सेंटिमीटर दिलेलं आहे. म्हणजे वही एक वीतभर अंतरावर धरून उपयोग नाही. ऑटोफोकसचा कॅमेरा वहीवर फोकस करतो, पण मग त्याची सवय कशी आहे ते बघावं लागतं. काही कॅमेरे प्रत्येक हातवाऱ्याला फोकस शोधत पुढेमागे डोलत राहतात. तुम्ही बोलत असता आणि तुमचा चेहरा श्वास घेतल्यासारखा पुसट-स्पष्ट होत राहतो. मुलांना हे फार त्रासदायक होतं.

माझ्याकडून एकदा यात चूक झाली आहे. एका गणिताच्या शिक्षकांसाठी मी ४के कॅमेरा निवडला. चेहऱ्याचं चित्र उत्तम होतं. तो फिक्स्ड फोकसचा आहे हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं आणि मीही विचारलं नाही. पहिल्याच तासाला त्यांनी वही समोर धरली आणि मुलांनी एकमुखाने सांगितलं, काही दिसत नाही. तेव्हापासून “फोकस कुठला, आणि जवळात जवळ किती अंतरावर?” हा प्रश्न मी विकत घेण्याआधी लेखी विचारतो.

तुमच्यासाठी मी सुचवेन की चेहरा आणि वही ही दोन कामं एकाच कॅमेऱ्यावर टाकू नका. वहीसाठी जुना फोन एका स्टँडवर टेबलाच्या वर, खाली तोंड करून बसवा. अंतर ३० ते ४० सेंटिमीटर. फोनचा मागचा कॅमेरा वापरा, पुढचा नको. मागच्याचा सेन्सर बहुतेक फोनांत मोठा असतो आणि फोकसही चांगला असतो. वही टेबलावरच राहते, तुम्ही लिहीत असताना मुलांना पेनाचं टोक दिसतं, आणि वही कॅमेऱ्यासमोर धरून हात थरथरण्याचा प्रश्नच येत नाही. दिवा बाजूने येऊ द्या, वरून थेट आला तर हाताची सावली नेमकी लिहिण्याच्या जागी पडते आणि गुळगुळीत कागद चमकतो.

फोनचं निघालंच आहे तर चेहऱ्यासाठीसुद्धा तो विसरू नका. बऱ्याच चांगल्या फोनांचा मागचा मुख्य कॅमेरा कित्येक वेबकॅमपेक्षा मोठ्या सेन्सरचा असतो. आयफोन एक्सआर किंवा त्यानंतरचा फोन आणि २०२२ चं मॅकओएस व्हेंचुरा किंवा नंतरचं असेल तर आयफोन मॅकचा वेबकॅम म्हणून वापरण्याची कंटिन्युइटी कॅमेरा ही सोय आधीच तयार आहे. अँड्रॉइड १४ पासून काही फोन यूएसबी केबल जोडली की थेट वेबकॅम म्हणून चालतात, बाकीच्यांसाठी ड्रॉइडकॅमसारखी अ‍ॅप आहेत. अडचणी दोन: लांब तासात फोन तापतो, आणि तास चालू असताना फोन तुमच्या हातात नसतो. दिवसाला एक-दोन तास असतील तर हे चालून जातं. पाच-सहा तास शिकवत असाल तर वेगळा वेबकॅम घेणं बरं.

जोडणीबद्दल थोडं. १०८०पीचं ३० फ्रेमचं कच्चं चित्र, एका पिक्सेलला २ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट होतं, म्हणजे जवळजवळ १००० मेगाबिट. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल गती ४८० मेगाबिट आहे. म्हणून यूएसबी २.० चे कॅमेरे प्रत्येक चित्र जेपीईजीसारखं दाबून पाठवतात. चांगल्या उजेडात हे अजिबात जाणवत नाही. कमी उजेडात केसांच्या कडेला बारीक चौकोन दिसतात. यूएसबी ३ चा कॅमेरा कच्चं चित्र पाठवू शकतो, पण तो यूएसबी २ च्या जुन्या एक्स्टेंशन केबलवर किंवा कीबोर्ड, पेनड्राइव्ह सगळं लावलेल्या हबवर जोडला की तो फायदा गेला. कॅमेरा थेट लॅपटॉपला जोडा. चित्र मध्येच गोठत असेल तर मी सर्वांत आधी केबलच बदलून पाहतो.

शेवटचा निकष म्हणजे सेटिंग हाताने बदलता येतात का. एक्स्पोजर (एका चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ), गेन, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हे चार हाताने लावून कायम करता यायला हवेत. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा तुम्ही पांढरा कागद उचलला की सगळी खोली अंधारी करतो आणि कागद खाली ठेवला की पुन्हा उजळतो. हाताने लावलं की हे बंद. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर सेटिंग टिकतात का हेही बघा. काही कॅमेरे ती स्वतःच्या आत साठवतात, काहींचं सॉफ्टवेअर दर वेळी उघडावं लागतं. चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० असेल तर १२० वेळा. सेटिंगमध्ये “अँटी-फ्लिकर” ५० किंवा ६० असं जे विचारतात ते तुमच्या विजेप्रमाणे लावलं की पट्टे बहुधा जातात. एक्स्पोजर हाताने लावत असाल तर ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१०० ठेवा.

मायक्रोफोन, झाकण, रिंग लाइट जोडलेला आहे का, या गोष्टींवरून कॅमेरा निवडू नका. आवाजासाठी साधा इअरफोनचा माइकसुद्धा बहुधा वेबकॅमपेक्षा चांगला ठरतो, कारण तो तोंडाजवळ असतो.

तर तुमच्यापुरतं मी असं करेन. या आठवड्यात टेबल फिरवा आणि एक दिवा लावा. वहीसाठी जुना फोन वर टांगा. चार दिवस शिकवून बघा. त्यानंतरही चेहऱ्याचं चित्र खटकलं तर १०८०पीचा, १/२.८ इंच किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचा, एफ/२.० च्या आसपासच्या लेन्सचा, ६५ ते ८० अंशांचा आणि सेटिंग हाताने लावता येणारा कॅमेरा शोधा. वहीचं काम फोनकडे गेल्यामुळे फिक्स्ड फोकस असला तरी तुमचं अडत नाही, उलट बरंच. या सगळ्या अटी पाळणारा ४केचा मिळाला आणि परवडत असला तर खुशाल घ्या, फक्त तो १०८०पीवर चालवून बघा.

कॅमेरा घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा. संध्याकाळी, तुमच्या नेहमीच्या जागी, छताचा दिवा बंद आणि फक्त टेबलाचा दिवा चालू. चौकटीचा किंवा बारीक रेघांचा कपडा घाला. २० सेकंद रेकॉर्ड करा. आधी स्थिर बसा, मग तळहात चेहऱ्याजवळ आणून सावकाश हलवा, मग पांढरा कागद उचलून खाली ठेवा. रेकॉर्डिंग पूर्ण स्क्रीनवर लावा. कानामागचे केस वेगळे दिसतात का, हाताच्या मागे शेपूट येतं का, कागद उचलल्यावर चेहऱ्याचा रंग बदलतो का, कपड्याच्या रेघा वळवळतात का, एवढं बघा. जुन्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरही त्याच जागी, त्याच दिव्यात अशीच फीत घ्या आणि दोन्ही शेजारी-शेजारी लावा. आणि हे करण्याआधी दोन्ही लेन्स चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसून घ्या. लॅपटॉप उघडताना बोट नेमकं कॅमेऱ्यावर टेकतं, आणि त्या तेलकट ठशामुळे दिव्याभोवती धुकं आल्यासारखं दिसतं. दोन्ही फितींतला फरक तुम्हाला शोधावा लागत असेल तर कॅमेरा परत पाठवा आणि आणखी एक दिवा घ्या.